थेम्सवर उभ्याने वल्हवणं: नवशिकीचे प्रश्न

कृष्णाकाठची | ११ मे, रात्री १०:४०

मंडळी, गेल्या शनिवारी मी पहिल्यांदा पॅडलबोर्डवर उभी राहिले. वय ४६, माहेर सांगली, गेली नऊ वर्षं मुक्काम लंडनचं सर्बिटन. हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: साडेदहा फूट लांब, हवा भरलेली फळी पाण्यावर टाकायची, तिच्यावर उभं राहायचं आणि डोक्याहून वीतभर उंच वल्ह्यानं पाणी मागे सारत जायचं. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस नदीवर उभा राहून झाडलोट करतोय.

ऑफिसातल्या तिघीजणींनी किंग्स्टनला दोन तासांचा वर्ग ठरवला होता, चौथी मी. आधी गुडघ्यांवर बसवून वल्हवायला लावलं. ते जमलं. मग 'आता उभ्या राहा'. एक पाऊल ठेवलं, दुसरं ठेवलं, आणि दोन्ही मांड्या पायमशीन चालवल्यासारख्या थडथडायला लागल्या. मी पायांकडे बघत होते. शिकवणारा मुलगा ओरडला, खाली नको, पुलाकडे बघा! वर पाहिलं तर किंग्स्टनच्या पुलावर लाल बस खोळंबलेली आणि कठड्याला टेकून एक आजोबा चिप्स खात माझ्याचकडे बघतायत. त्यांच्याकडे बघत बघत मी सरळ झाले. फळी थडथडायची थांबली. शप्पथ, थांबली.

चारेक मिनिटं वल्हवलं असेल. मग एक छोटी मोटारबोट गेली, तिच्या लाटा तिरक्या आल्या आणि मी पाण्यात. पाणी इतकं गार की श्वास आत गेला तो बाहेर यायलाच तयार नाही. पाठीला डबा बांधून कृष्णेत ढकलून दिलेली पोर मी, पाण्याला भीत नाही. पण हे वेगळंच होतं. त्यात बोर्डाला बांधलेली दोरी, लीश म्हणतात तिला, माझ्या घोट्याला होती. ती काठच्या वाळुंजाच्या बुडालेल्या फांदीत अडकली. पाणी छातीइतकंच, लाइफजॅकेट अंगात, तो मुलगा दहा हातांवर. अर्ध्या मिनिटात सुटले. तरी ते अर्धं मिनिट अजून डोक्यातून जात नाही.

तर आता प्रश्न. स्वतःचा बोर्ड घ्यावा की भाड्यानेच जावं? परवाना लागतो म्हणतात, तो कुठला? घोट्याची ती दोरी बांधायची की नाही, कारण मैत्रिणी म्हणतात बांधायलाच हवी. थोडं पाणी पोटात गेलंय, काही होईल का? आणि एकटीने जाण्याइतकी तयारी झाली हे कशावरून ओळखायचं? नवरा म्हणतो, चार मिनिटं उभी राहिलीस आणि एवढे प्रश्न!

पुणेरी_तिरका | ११ मे, रात्री ११:०५

मुठेवर हा खेळ आणायला हरकत नाही. जलपर्णी इतकी दाट असते की बोर्ड न घेताच उभं राहता येईल. (दिवे घ्या.)

वल्हेबहाद्दर | १२ मे, सकाळी ७:१५

पडलात ते पहिल्याच दिवशी उरकलं, बरं झालं. मी टेडिंग्टनला राहतो, सहा उन्हाळे याच पट्ट्यात वल्हवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमची जागा नेमकी पडली. लंडनची थेम्स म्हणजे दोन नद्या समजा. टेडिंग्टन लॉकच्या (लॉक म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी दारांची कोठी) खाली ती समुद्राच्या तालावर चालते. लंडन ब्रिजपाशी मोठ्या भरतीला पाणी सात मीटरच्या आसपास वरखाली होतं, आणि ओहोटीला नदीचा स्वतःचा प्रवाह जोडीला आला की बोर्डावरचा माणूस नुसता प्रवासी. नवशिक्याने तिकडे जायचं नाही, विषय संपला. टेडिंग्टनच्या वर मात्र बंधाऱ्यांनी पाणी अडवून धरलंय. टेडिंग्टन ते मोल्सी लॉक हा आठेक किलोमीटरचा पट्टा, मध्ये एकही लॉक नाही. किंग्स्टन, सर्बिटन, थेम्स डिटनचं बेट, मग हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा. भर वस्तीत शिकायला याहून बरं पाणी मिळणं कठीण.

पण अडवलेलं असलं तरी ते चालतं पाणी आहे. म्हणून निघताना कायम प्रवाहाविरुद्ध निघा. दमलात तर नदी घरी आणून सोडते. उलट केलंत तर पहिला अर्धा तास 'अरे वा, काय जमतंय' असं वाटतं आणि परतताना दंड भरून येतात. वाऱ्याचंही तसंच. उभा माणूस म्हणजे शीड. वारा समोरून यायला लागला की मुकाट्याने गुडघ्यांवर बसायचं, त्यात कमीपणा काही नाही. पुलाखालून जातानाही बसा, मोटारबोटीची लाट येताना दिसली तरी बसा, आणि बोर्डाचं नाक लाटेकडे वळवा. तुम्ही बाजूने घेतलीत म्हणून आडव्या झालात.

परवान्याचं: टेडिंग्टनच्या वरची थेम्स एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेकडे आहे आणि तिथे इंजिन नसलेल्या बोटीलाही नोंदणी लागते, बोर्डही त्यातच धरतात. सोपा मार्ग म्हणजे पॅडल यूके या वल्हवणाऱ्यांच्या संस्थेचं सभासदत्व घ्या (२०२४ पर्यंत हीच संस्था ब्रिटिश कनूइंग होती), त्यात हा परवाना येतो. वर्गात गेलात तेव्हा तो भार त्यांच्यावर होता, स्वतःचा बोर्ड घेतलात की तुमच्यावर.

आणि नदीवर उजवीकडून चालायचं. इथे रस्त्यावर डावी बाजू, पाण्यावर उजवी. पहिले दोन महिने माझा रोज गोंधळ व्हायचा.

ऑस्टिनची_आत्या | १२ मे, सकाळी ९:५०

वाचतेय, मजा येतेय. आमच्याकडे ऑस्टिनमध्ये लेडी बर्ड लेक नावाला तलाव आहे, पण मुळात ती टेक्ससमधली कोलोरॅडो नदी. १९६० मध्ये लाँगहॉर्न धरण बांधून गावाच्या मधोमध अडवली. पूर्वी टाउन लेक म्हणायचे, २००७ मध्ये नाव बदललं. पेट्रोलच्या बोटींना बंदी, त्यामुळे तुम्हाला पाडणारी ती मोटारबोट आमच्याकडे नाही. गंमत म्हणजे तिथे पोहायलाही बंदी आहे. म्हणजे बोर्डावरून पडलं की आपण आपसूक कायदा मोडतो, असं मी भाच्याला सांगते. (तसं नाही हो, पडलं तर कोणी पकडत नाही.)

उन्हाळ्यात संध्याकाळी काँग्रेस अॅव्हेन्यूच्या पुलाखाली बोर्डावर बसून राहायचं. पुलाच्या फटींतून वटवाघळं बाहेर पडतात, ऐन हंगामात पंधरा लाखांपर्यंत. डोक्यावरून धुराचा लोट निघाल्यासारखं दिसतं. तोंड मिटून बघावं, एवढाच अनुभवाचा सल्ला.

मांडवीचो_झिल | १२ मे, दुपारी १:२०

लीश बांधू की नको हा काय प्रश्न झाला? बांधायचीच. मी गोव्यात साळ नदीच्या खाडीत आणि समुद्रावर दोन्हीकडे वल्हवतो. बोर्ड हीच तुमची होडी. तुम्ही पडलात की हलका बोर्ड वाऱ्यावर असा सुटतो की भला पोहणारा गाठू शकत नाही. लीश घोट्याला असली की दोन हात मारले आणि बोर्ड हातात. एकदा फांदीत अडकली म्हणून लीश सोडायची म्हणजे एकदा ठेच लागली म्हणून चप्पल टाकण्यासारखं.

वल्हेबहाद्दर | १२ मे, दुपारी २:०२

झिलबाब, समुद्रासाठी आणि थांबल्या पाण्यासाठी तुमचं शंभर टक्के बरोबर. वाहत्या नदीवर घोट्याची लीश मारू शकते, आणि हे मी शब्द जपून वापरतोय.

बोर्ड वाहत गेला आणि दोरी फांदीत, नांगरलेल्या बोटीच्या साखळीत किंवा पुलाच्या खांबाला अडकली, तर काय होतं बघा. बोर्ड खांबाच्या एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला, मध्ये ताणलेली दोरी आणि वरून पाण्याचा रेटा. घोट्यापर्यंत हात न्यायचा तर प्रवाहाविरुद्ध कमरेत वाकायला हवं. करून बघा, जमत नाही. पाणी तुम्हाला सरळ ताणून ठेवतं आणि डोकं खाली जातं. कृष्णाकाठच्या ताईंना छातीभर पाण्यात, मंद प्रवाहात अर्धं मिनिट लागलं ते याचमुळे.

वेल्समध्ये हॅव्हरफर्डवेस्टला ३० ऑक्टोबर २०२१ रोजी काय झालं ते इथे बोर्ड घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावं. पावसाने फुगलेली क्लेडाउ नदी, गावातला बंधारा, पॅडलबोर्डवर निघालेला नऊ जणांचा गट. चार जण गेले. सहल काढणाऱ्या बाईंना २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. त्या दिवशी चुकलेल्या गोष्टी पुष्कळ; सगळ्यात मोठी म्हणजे तशा पाण्यात उतरणं. पण वाहत्या पाण्यावर चटकन सुटणारा कमरेचा पट्टाच हवा, हे तेव्हापासून इथे शिकवणारे कानीकपाळी ओरडून सांगतात.

तो पट्टा असा: लाइफजॅकेटच्या वरून कमरेला बांधायचा, लीश त्याला अडकवायची. पुढे पोटाशी एक गोळा किंवा मूठ लोंबते. ती ओढली की पट्टा उघडतो आणि लीश बोर्डासकट निघून जाते, तुम्ही मोकळे. घरी डोळे मिटून, उजव्या हाताने दहा वेळा आणि डाव्या हाताने दहा वेळा ओढून बघा. गोळा जॅकेटच्या खाली दबला असेल तर पट्टा असून नसल्यासारखा.

मांडवीचो_झिल | १२ मे, दुपारी ३:३०

हे वाचलं. हॅव्हरफर्डवेस्टचं ठाऊक नव्हतं. समुद्रावर घोटा, नदीवर कंबर, मान्य. पण लीशच नको असं कोणी या धाग्यावरून उचलू नये म्हणून परत लिहितो.

वल्हेबहाद्दर | १२ मे, दुपारी ३:४१

ते तर आहेच.

ताई, बंधाऱ्याचं एक राहिलं. तुम्ही सांगलीकडच्या, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तुम्हाला सांगायला नको. पाणी वरून गेलं की खाली ते स्वतःभोवती आडवं फिरत राहतं. त्यात सापडलेलं लाकूड तासन् तास तिथेच वरखाली होताना दिसतं. माणसाचंही तेच होतं. टेडिंग्टन आणि मोल्सी दोन्हीकडे लॉकशेजारी मोठे बंधारे आहेत. वरच्या अंगाने येताना बंधारा दिसतच नाही, नदी पुढे सपाट संपल्यासारखी वाटते. सूचनेच्या पाट्या आणि अडसर दिसले की त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही.

गोळीऔषध | १२ मे, रात्री ९:१५

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी.

पहिली, तो अडकलेला श्वास. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की शरीर आपोआप मोठा श्वास ओढतं, धाप लागते, नाडी पळते. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असेल तर घात. पट्टीचे पोहणारेही यात जातात, त्यामुळे कृष्णेतला डबा इथे कामाचा नाही. पोहायचा प्रयत्नच करायचा नाही. पाठीवर रेलून, कान पाण्यात बुडेपर्यंत डोकं मागे टाकून तरंगायचं. मिनिट-दीड मिनिटात श्वास जागेवर येतो, मग हातपाय. मे महिन्यात इथे हवा वीस अंश झाली की लोक टी-शर्टवर निघतात. नदीला ती बातमी जूनअखेर पोचते. कपडे पाण्याच्या हिशेबाने घाला.

दुसरी, पोटात गेलेलं पाणी. मुंबईकरांना लेप्टो सांगायला नको, गुडघाभर पाण्यातून घरी गेलेला प्रत्येक जण ते ऐकत मोठा झालाय. तोच लेप्टोस्पायरोसिस इथेही असतो, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो; गंभीर रूपाला इथे वाइल्स डिसीझ म्हणतात. प्रमाण फार कमी, घाबरू नका. जखमेवर जलरोधक पट्टी लावा, घरी येऊन साबणाने अंघोळ करा, हात न धुता सँडविच खाऊ नका. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना 'मी नदीत पडले होते' हे आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत. नुसतं पोट बिघडलं तर बहुधा साधा जंतू, एक-दोन दिवसांत आवरतं.

जोराचा पाऊस झाला की दोन दिवस नदीवर जाऊ नये. पावसाचं आणि सांडपाण्याचं जुनं ड्रेनेज एकच आहे, ते भरलं की मैलापाणी नदीत सोडलं जातं. कुठून सोडलंय याचे नकाशे ऑनलाइन मिळतात, निघण्याआधी बघायची सवय ठेवा.

पुणेरी_तिरका | १२ मे, रात्री ९:४०

म्हणजे थेम्समध्येही तेच! इतकी वर्षं उगाच मुठेची लाज वाटून घेतली.

नाना_ठाणेकर | १३ मे, सकाळी ६:३०

मुलगा तिकडे आहे, जुलैत येतोय. वय ६३, गुडघे कुरकुरतात, पोहता बऱ्यापैकी येतं. हे मला झेपेल का? घरचे हसतायत.

वल्हेबहाद्दर | १३ मे, सकाळी ८:१०

नाना, या. आमच्या गटात एक सत्तरीचे गृहस्थ आहेत, तेच सगळ्यांना चहा पाजतात. उभं राहायची सक्ती नाही. काही बोर्डांना बसायची खुर्ची लागते, मग तो कयाकसारखा चालतो. मात्र बोर्ड रुंद मागा, ३२ इंच किंवा जास्त, आणि तुमचं वजन खरं सांगा. कमी वजन पेलणारा बोर्ड दिला की तो मध्ये खचतो आणि डुगडुगतो, मग माणूस गुडघ्यांना दोष देतो.

गुडघ्यांवरून उठताना मधल्या उचलायच्या कडीच्या दोन्ही बाजूंना पावलं येतील असं उठा. पावलं समोर, खांद्याइतकं अंतर, गुडघे किंचित सैल. बशीत पाणी घेऊन चालल्यासारखे ताठ राहिलात की पडलातच. आणि उभं राहिल्याबरोबर वल्हं पाण्यात घाला, ते सायकलच्या पेडलसारखं आहे, थांबलात की डगमगता.

वल्ह्याचं पातं बहुतेक जण उलटं धरतात. पात्याला दांड्याशी थोडा कोन असतो, तो कोन पुढे, बोर्डाच्या नाकाकडे हवा. मनाला पटत नाही, चमच्यासारखं आपल्याकडे वळवावंसं वाटतं. पटलं नाही तरी तसंच धरायचं. एक हात वर मुठीवर, एक दांड्यावर; दोन्ही हात दांड्यावर म्हणजे खराटा.

पडायचं झालं तर बोर्डापासून लांब, सपाट पडा. पाय आधी टाकून उडी नको, खाली सायकली आणि ट्रॉल्या असतात, खरंच असतात. परत चढताना मधली कडी धरा, पाय मागे पाण्याच्या पातळीला आणेपर्यंत झाडा आणि पोटावर सरपटत चढा. सील चढतो तसं. दिसायला वाईट दिसतं, त्याला इलाज नाही.

ऑस्टिनची_आत्या | १३ मे, दुपारी ४:००

खराटा! हसून हसून पुरेवाट.

खिडकीतून | १३ मे, रात्री ८:५५

बोर्ड घेण्याबद्दल कोणी बोललंच नाही, तर माझी रडकथा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बेडरूमच्या फ्लॅटात राहतो, गाडी नाही. 'पिशवीत मावतो' या शब्दांना भुललो. मावतो, पण ती पिशवी म्हणजे धाकट्या मेहुण्याएवढी. बसमध्ये चढलो की बाबागाड्यांच्या जागेवरून भांडण. नदीवर पोचलं की १५ पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची. सायकलच्या टायरला याहून कितीतरी जास्त दाब असतो म्हणून मी हसलो होतो. पण टायरात हवा ती किती आणि या पलंगात किती! पहिली पाच मिनिटं पंप सोपा जातो, पुढे प्रत्येक दाबाला अख्खा माणूस लोंबकळतो. लोक दहा पीएसआयवर कंटाळून सोडतात आणि मग बोर्ड वाकतो म्हणून तक्रार करतात. आतल्या दोन थरांना हजारो दोऱ्यांनी एकमेकांशी बांधलेलं असतं, म्हणून तो गादीसारखा न फुगता फळीसारखा सपाट राहतो. पण पूर्ण दाब असेल तरच.

आल्यावर वाळवायचा. मी एकदा ओलाच गुंडाळला आणि दोन आठवड्यांनी उघडला. घरात कुबट वास, बायकोचं तोंड आठवडाभर वाकडं.

माझं मत: पहिला हंगाम भाड्याने काढा. दहा वेळा गेलात तर घ्या.

वल्हेबहाद्दर | १३ मे, रात्री ९:२०

सहमत. वाळवण्याला आणखी एक कारण आहे. इथे फ्लोटिंग पेनीवर्ट नावाची परदेशी वनस्पती नद्यांत माजलीय, दिवसाला २० सेंटीमीटरपर्यंत वाढते. बोर्डाला चिकटलेला एखादा तुकडा दुसऱ्या नदीत गेला की तिथे सुरू. पुणेरीसाहेब, तुमच्या जलपर्णीची चुलतबहीणच. म्हणून फिन (बोर्डाखालचा पंख) काढून बघायचं, धुवायचं, सुकवायचं.

पुणेरी_तिरका | १४ मे, सकाळी १०:३०

बरं, आता जरा सरळ बोलतो. मी सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. संगमाजवळ आमचा बोट क्लब आहे, तिथली रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, १९२८ पासून चालत आलीय. चार वर्षं मुठेत होडी वल्हवली. वासाचं म्हणाल तर तिसऱ्या दिवशी नाक हार मानतं. तेव्हा नदीवरून शहर बघायची सवय लागली ती लागलीच; पुलावरून जाणारा माणूस खालून फार घाईत दिसतो.

एक गोष्ट रोइंगवाल्यांच्या बाजूने सांगतो. ताई, तुमच्या त्या पट्ट्यात रोइंग क्लब असणारच. रोइंग करणारा पाठमोरा जात असतो. दत्तू भोकनळ आठवा, चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा, रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. तो शर्यतीत पुढे जात होता पण बघत होता मागे. त्या बोटी लांब, अरुंद, वेगात असतात आणि लगेच थांबत नाहीत. त्यांनी तुम्हाला पाहिलंय असं कधीच धरू नका. मधोमध रमतगमत उभं राहून सेल्फी काढणारा पॅडलबोर्डवाला म्हणजे रोइंगवाल्याच्या दृष्टीने हायवेवरची म्हैस.

वल्हेबहाद्दर | १४ मे, सकाळी ११:००

+१. किंग्स्टनला कॅनबरी गार्डन्सपाशी रोइंग क्लब आहे, शनिवार-रविवारी सकाळी तिथे वर्दळ असते. दुपारी जा किंवा काठ धरून जा.

कृष्णाकाठची | १४ मे, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. पोट ठीक आहे, ताप नाही. पट्टा मागवला. गोळा ओढायचा सराव स्वयंपाकघरात चाललाय, नवरा म्हणतो पॅराशूट उघडतेयस का.

एकटीने कधी जायचं हे मात्र कोणी सांगितलं नाही.

वल्हेबहाद्दर | १४ मे, रात्री १०:२५

मुद्दाम टाळलं. पहिल्या वर्षी नकोच. आमच्या गटाबरोबर या, निरोप पाठवतो. पुढे कधी एकटीने गेलात तरी फोन जलरोधक पिशवीत घालून अंगावर ठेवा, बोर्डावर नाही. बोर्ड गेला तर फोनही जाईल. आणि घरी किती वाजता येणार ते सांगून निघा.

निघण्याआधी लॉकवर प्रवाहाच्या इशाऱ्याचे बोर्ड लावतात, ते बघायचे. हेच बोर्ड ऑनलाइनही दिसतात. पिवळा म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, सांभाळून. लाल म्हणजे जोराचा प्रवाह, उतरू नका. आपल्यासारख्यांनी पिवळ्यालाच घरी बसावं. काठावरून पाणी शांत दिसतं, त्याला फसायचं नाही.

कृष्णाकाठची | २२ जून, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, कारण सांगायचं राहून जाईल.

गटाबरोबर चार वेळा गेले. मधल्या एका शनिवारी पावसाची झड होऊन गेली होती पण वर लख्ख ऊन. नवरा पहिल्यांदाच यायला तयार झालेला. भाड्याचा बोर्ड आणून काठावर घाम गाळत हवा भरत होता. बाराव्या पीएसआयला मी फोनवर बघितलं, तर मोल्सीला पिवळा. पाणी बघितलं तर नेहमीसारखंच. फक्त एक बदक काही न करता माझ्यासमोरून सरकत गेलं आणि पुलापर्यंत पोचलंसुद्धा. मी म्हटलं, हवा सोड. त्याने जो चेहरा केला तो लिहून सांगता येणार नाही. परतताना आइस्क्रीम मला घ्यावं लागलं.

काल मात्र हॅम्प्टन कोर्टपर्यंत गेले. जाताना प्रवाहाविरुद्ध दीड तास, बेटाच्या कडेकडेने. राजवाड्याची ती उंच लाल धुराडी झाडांतून वर आली तेव्हा मी उभी होते आणि पाय थडथडत नव्हते, हे दहा मिनिटांनी लक्षात आलं. बेटापाशी एक हंस पंख फुगवून अंगावर आला, पिल्लं होती त्याची. गटातल्या एकीने सांगितलं की खूण नसलेले हंस राजाच्या मालकीचे, दर जुलैत थेम्सवर राजाची माणसं त्यांची मोजदाद करतात. मी गुडघ्यांवर बसून राजाच्या पक्ष्याला वाट दिली.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. ती सांगलीला, आयर्विन पुलाची पाणीपातळी ऐकल्याशिवाय पावसाळ्यात तिच्या घशाखाली घास उतरत नाही. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतं. तिने राजवाड्याचं ऐकलं, हंसाचं ऐकलं आणि विचारलं, "पाणी किती फूट होतं?" मी म्हटलं, आई, इथे फूट नाही सांगत, पिवळा नाहीतर लाल बोर्ड लावतात.

"मग पिवळा म्हणजे चाळीस का पंचेचाळीस?"

वल्हेबहाद्दर | २२ जून, रात्री ९:४४

चाळीस. लाल म्हणजे पंचेचाळीस. काकूंना नमस्कार सांगा.